फ्रिजमागची लादी

तिला सगळे भिंगरी म्हणत. नाव ठेवलं नवऱ्याने आणि गावभर केलं दिराने. बसणं हा प्रकार तिच्या पत्रिकेतच नव्हता. जेवता जेवता उठून ती ओटा पुसायची, सिनेमा बघता बघता पडदे झटकायची, आणि एकदा तर डॉक्टरकडे नंबर येईपर्यंत तिने त्याच्याच बाकाखालची जळमटं काढली होती. अशा बाईला धंदाही तसाच मिळाला. घरात कुणी मेलं, कुणी कुणाला मारलं, कुणी एकटंच गेलं आणि वास येईपर्यंत शेजाऱ्यांना पत्ता नाही, असं काही झालं की पोलीस येतात, डॉक्टर येतात, नातेवाईक येतात, आणि सगळे आपापलं काम उरकून निघून जातात. मागे जे राहतं ते कुणाच्याच कामात बसत नाही. ते पुसायला भिंगरी आणि तिचा दीर जायचे.

"लोकांना वाटतं, पोलीसच साफ करून जातात," दीर सांगायचा. "अहो, पोलीस प्यायलेला कप विसळत नाहीत!"

या दिराला एकच खोड होती, ती म्हणजे त्याचं तोंड. एकदा एका घरात कपाटामागे रिकाम्या बाटल्या सापडल्या, आणि हा बाबा सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाला, "साहेबांना छंद होता वाटतं!" त्यावरून मेलेल्या माणसाचे दोन भाऊ जिन्यातच एकमेकांच्या उरावर बसले. त्या दिवसापासून भिंगरीने नियम केला. आपण पुसायला आलोय, सांगायला नाही. दिसेल ते पिशवीत, कळेल ते पोटात. हा नियम दीर कसाबसा पाळायचा आणि ती मात्र काटेकोर पाळायची. म्हणजे त्या दिवसापर्यंत तरी पाळत आली होती.

त्या दिवशीचं घर वरच्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट बंद होती. हवा ओढून घेणारं मशीन उराशी धरून दीर जिना चढत होता आणि पायरीगणिक इमारत बांधणाऱ्याचा उद्धार करत होता. दार उघडलं ते घरच्या सुनेने. तिशीच्या आसपासची असेल. केस ओले, डोळे कोरडे, अंगातला सदरा उलटा. सदरा उलटा आहे हे तिला सांगणारं घरात कुणी उरलं नव्हतं.

घरात नव्हतं म्हणजे दाराबाहेर होतं. सासू. जिन्याच्या कठड्याला धरून ती उभी होती, आत यायला तयार नव्हती. बोलता बोलता तिचं बोट कठड्यावरून फिरत होतं, बोटाला लागलेली धूळ ती बघत होती आणि रुमालाला पुसत होती.

"पुसायला बोलावलंय होय यांना?" ती भिंगरीला म्हणाली. "उशीर केलात. अर्धं हिने त्याच दिवशी पुसून ठेवलंय."

सून दाराची कडी उगाच वरखाली करत राहिली.

"माझा मुलगा न्हाणीच्या दारात पडलाय, आणि ही बादली घेऊन लादी पुसतेय. आधी लादी, मग फोन! मी आले तेव्हा बादलीत लाल पाणी, काठावर पिळलेलं फडकं, आणि फोन केलेला त्यानंतर. बघितलीत कुठे अशी सून?"

भिंगरीने पेटी या हातातून त्या हातात घेतली. अशा प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं. मान हलवायची नसते, कारण हलवलेली मान कुणाच्या ना कुणाच्या बाजूची होतेच.

"नात माझ्याकडेच राहील," सासू सुनेला म्हणाली. बघत मात्र होती भिंगरीकडे. "संध्याकाळी कपडे न्यायला येते. सगळे बांधून ठेव. थंडीतलेसुद्धा."

थंडीला अजून बराच अवकाश होता. याचा अर्थ तिघींनाही कळला, आणि दिरालासुद्धा, कारण तो चक्क गप्प राहिला.

सासू खाली उतरून गेल्यावर सुनेने सांगायला सुरुवात केली. कुणी विचारलं नव्हतं. पण या घरांत लोक सांगतातच, आणि ऐकून घेणं हाही कामाचाच भाग असतो. ती रात्रपाळीला फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची आणि दिवसा कानात बोळे घालून आतल्या खोलीत झोपायची. नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. दुपारी तो जेवायला घरी यायचा, स्वतःचं वाढून घ्यायचा, स्वतःची भांडी घासायचा, तिला उठवायचा नाही. त्या दुपारी स्वयंपाकघरातल्या कपाटाची काचेची फळी निसटली आणि फुटली. काच त्याच्या दंडात गेली, कोपराच्या आतल्या बाजूला. ती तहान लागून उठली तेव्हा तो न्हाणीच्या दारात पडलेला होता. तिने रुग्णवाहिकेला फोन केला, मग सासूला केला. पोलिसांनी काच बघितली, दंड बघितला, शेजाऱ्यांना विचारलं आणि अपघात म्हणून कागद मिटवले. लादी कुणी पुसली हा प्रश्न पोलिसांचा नव्हता. तो सासूचा होता.

"मला आठवत नाही हो," सून म्हणाली. "त्याला उचलायला गेले, एवढं आठवतं. मग माझे हात ओले होते. लाल होते. आई आल्या, बादली बघितली, म्हणाल्या, तू पुसलंस? मी म्हटलं, असेन. आता रोज डोळे मिटले की मला मी पुसताना दिसते. खरंच दिसते. पण आधी दिसायची नाही."

भिंगरीने हातातली पेटी खाली ठेवली, परत उचलली, दुसरीकडे ठेवली.

"ताई, तुम्हाला कळतं का? कुणी पुसलं, कधी पुसलं?"

"आम्हाला फक्त पुसता येतं."

"तो जिवंत असताना मी लादी पुसत बसले असेन, तर आईंचं बरोबर आहे," सून म्हणाली. "मग पोरगी त्यांच्याकडेच राहू दे. मी नाही मागायची."

असं म्हणून ती आत गेली आणि पोरीचं कपाट उघडलं. भिंगरीला वाटलं, कुठून झक मारली आणि हे काम घेतलं. पण घेतलेलं काम ती कधी टाकत नसे, आणि टाकलं असतं तर ते करायला दुसरं कोण येणार होतं?

कामाची रीत ठरलेली असते. आधी घराचे तीन भाग करायचे: जिथे झालं तो घाणेरडा, जिथे कपडे बदलायचे तो मधला, आणि बाकीचा स्वच्छ. मध्ये प्लास्टिकचे पडदे लावायचे, चिकटपट्टीने कडा बंद करायच्या. मग पांढरे झगे, हातमोज्यांचे दोन थर, मनगटाला पट्टी, तोंडावर जाळीचा मुखवटा, नाकाखाली बाम. पिणारी वस्तू फेकायची आणि न पिणारी पुसायची, हा त्यातला मोठा नियम. गादी, उशी, सतरंजी, लाकडाचा भुसा भरलेली फळी, या सगळ्या रक्त पितात. त्यांच्यावर माया करून उपयोग नाही, त्या पिशवीत जातात. लादी, काच, लोखंड पीत नाहीत, फक्त धरून ठेवतात. लाद्यांच्या मधल्या फटी मात्र पितात, म्हणून त्या खरवडायच्या.

आणि डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही. रक्त पुसलेलं दिसतं, पण गेलेलं नसतं. म्हणून लादीवर आधी औषध फवारायचं. जिथे रक्ताचा अंश उरला असेल तिथे पांढरा फेस येतो. फेस यायचा थांबेपर्यंत काम संपत नाही.

भिंगरीने स्वयंपाकघराच्या दारातून फवारा मारला आणि वाट बघत उभी राहिली. उभी राहिली म्हणजे या पायावरून त्या पायावर डुलत राहिली. आधी कपाटाखाली फेस आला, तो अपेक्षितच होता. मग मधल्या लादीवर आला, आणि तिथे तो डागांचा आला नाही. तिथे कमानी उमटल्या. एकीला लागून एक, अर्धगोल, फडक्याच्या रुंदीच्या.

ती उखडली. "भाऊजी! औषधाआधी फडकं फिरवलंत? किती वेळा सांगितलंय, कोरड्यावर पुसलं की पसरतं! सगळी लादी बरबटवून ठेवलीत!"

"वहिनी," मागून दिराचा आवाज आला, "मी अजून दुसरा मोजा चढवतोय. माझा पाय तरी लागलाय का तिथे?"

कमान दिसली की हिला माणूस आठवत नाही, आधी चुकार कामगार आठवतो. ती वरमली. मग खाली वाकून तिने नीट बघितलं.

पुसणं चांगलं होतं. फार चांगलं होतं. भिंतीच्या कडेपासून सुरुवात, मग मध्ये, आणि पुसणारं माणूस मागे मागे सरकत न्हाणीकडे गेलेलं, ओल्यावर पाऊल पडू नये म्हणून. गरम पाणी वापरलं असतं तर डाग शिजून बसला असता. इथे गार पाणी वापरलं होतं. घाबरलेलं माणूस असं पुसत नाही. घाबरलेलं माणूस फडकं इकडे फिरवतं, तिकडे फिरवतं आणि टाकून देतं. हे कुणीतरी शांत डोक्याने केलं होतं.

म्हणजे हिनेच? त्या उलट्या सदऱ्यातल्या बाईने? आत कपाटाचं दार वाजत होतं, खण ओढला जात होता, परत ढकलला जात होता. भिंगरीला त्या आवाजाने चीड आली, मग चीड आल्याची लाज वाटली. तिने खिडकी उघडली, मग बाहेरची हवा आत येऊ द्यायची नसते हे आठवून लावली. वरचा हातमोजा बदलला, बदललेला परत बदलला.

"वहिनी, तुमची घालमेल बघून मला घाम फुटतोय," दीर म्हणाला.

"तुम्ही फटी खरवडा."

"खरवडतो. पण एक सांगू? तिनेच पुसलं असेल तर आपल्याला काय? आपण बरं, आपलं काम बरं. नियम तुमचाच."

नियम तिचाच होता, म्हणूनच तर पंचाईत. सुनेने विचारलं तर काय सांगायचं? हो, तुम्हीच पुसलंत, आणि फार छान पुसलंत? आणि नाही म्हणावं तर ते खोटं, आणि खोटं बोललेलं तिच्या पोटात टिकत नसे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं.

लादीचा उतार फ्रिजकडे होता. उतार असेल तिकडे रक्त जातं, ते काही माणसाचं ऐकत नाही. फ्रिज चाकांच्या चौकटीवर होता. दिराने एका बाजूने ओढला आणि भिंगरी मागच्या अरुंद जागेत गुडघ्यांवर बसली, हातात विजेरी घेऊन. इथे त्या दिवसानंतर कुणाचा हात पोचला नव्हता. सासूचा नाही, पोलिसांचा नाही. इथे औषधाची गरजच नव्हती, सगळं वाळून तसंच्या तसं राहिलं होतं.

इथेही कमानी होत्या. आणि कमानींवर थेंब होते.

ती पुढे वाकली. एक फिकट कमान. तिच्यावर गोल थेंब. मग दुसरी कमान, त्यातल्या काही थेंबांना फरफटत नेणारी. तिच्यावर पुन्हा थेंब, आधीपेक्षा मोठे. पुन्हा कमान, या वेळी वाकडी. पुन्हा थेंब, एकात एक मिसळलेले. आणि फ्रिजच्या पत्र्यावर, मागच्या बाजूला, चार बोटांचा ठसा. एकाच हाताचा.

हे कळायला फार अक्कल लागत नाही. ज्याने आयुष्यात एकदा घर पुसलंय त्यालाही कळेल. पुसलेल्यावर थेंब असेल तर तो पुसल्यानंतर पडलाय. पुसणाऱ्याच्या अंगातूनच गळत होतं. तो पुसत होता, ते पडत होतं, तो परत पुसत होता. बायकोच्या अंगावर तर ओरखडासुद्धा नव्हता.

"भाऊजी," ती म्हणाली. मुखवट्यातून आवाज घोगरा आला. "त्यानेच पुसलंय."

दीर वाकून बघत राहिला. "फ्रिज ओढून?"

"फ्रिज ओढून. आणि परत ढकलून जागेवर लावलाय."

"जित्याची खोड..." दीर म्हणाला, आणि पुढचे शब्द त्याने गिळले. असं तो आयुष्यात पहिल्यांदाच करत असावा. "हाक मारायची ना माणसाने! पलीकडे बायको आहे!"

"बायको झोपली होती."

"म्हणून काय..."

"मला काय विचारता?" भिंगरी खेकसली. ती उठली, डोकं फ्रिजच्या नळीला आपटलं, परत बसली. त्या माणसावर तिला इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी आलं, आणि मुखवटा घातलेल्या माणसाला डोळे पुसता येत नाहीत.

प्लास्टिकच्या पडद्यापलीकडे सून कधी येऊन उभी राहिली ते दोघांनाही कळलं नाही. तिच्या हातात पोरीचा लोकरी टोप होता.

"काय झालं?" ती म्हणाली. "काहीतरी सापडलंय. तुम्ही बोलायच्या थांबलात."

भिंगरीने मनाशी म्हटलं, हिने सकाळीच विचारलं होतं. विचारलेल्याचं उत्तर देणं म्हणजे काही आपणहून सांगणं नव्हे. नियमाला अशी पळवाट काढली की नियम फार दिवस टिकत नाही हे तिलाही ठाऊक होतं. पण तिने सांगितलं. मधल्या भागात येऊन, मुखवटा काढून, थोडक्यात सांगितलं. थेंब कुठे, कमानी कुठे. तुम्ही पुसलेलं नाही. त्यानेच पुसलं, आणि पुसता पुसता...

सून ऐकत राहिली. "फ्रिज सरकवला?"

"हो."

"त्याने? तसल्या हाताने?"

"दुसऱ्या हाताने."

आणि सून हसली. चांगली मोठ्याने हसली. दीर घाबरून दोन पावलं मागे गेला. "आई येणार होत्या," ती हसता हसता म्हणाली. "त्या दिवशी शाळेतून पोरीला घेऊन आईच येणार होत्या. त्या आल्या की पाणीसुद्धा पीत नाहीत, आधी वाकून फ्रिजखाली बघतात. आम्ही दोघं कायम हसायचो त्यावर. तो म्हणायचा, सांडलं की आधी पुसायचं आणि मग रडायचं, असं आमच्या घरात लहानपणापासून आहे. गुडघा फुटला तरी आधी लादी." तेवढ्यात तिचं हसू कुठेतरी अडकलं आणि तिने तो टोप तोंडावर दाबून धरला. बराच वेळ तिचे खांदे हलत होते. भिंगरीचे हात मोज्यांत होते, तिला हात लावता येईना. ती नुसती जागच्या जागी पाय बदलत राहिली.

टोप बाजूला झाला तेव्हा सुनेचा चेहरा वेगळाच होता, झोप झाल्यासारखा.

"आईंना सांगू नका," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मी पुसलं नाही, हे मला कळलं. बास झालं. त्यांना कळलं तर त्या कशाच्या जोरावर उभ्या राहतील? आत्ता माझ्यावर चिडून तरी उभ्या आहेत."

"आणि पोरगी?"

सून टोपाची घडी घालू लागली. "येईल कधीतरी. मोठी झाल्यावर."

"अहो, कधीतरी म्हणजे..."

"ते मागचं पुसून टाका, ताई. आत्ता लगेच. आई आल्यावर वाकून बघणार."

घर तिचं, माणूस तिचा, दुःख तिचं. भिंगरी परत फ्रिजमागे गेली. गार पाण्याने भिजवलेलं होतं, त्यामुळे लगेच निघालं. कमानी गेल्या, थेंब गेले, बोटं गेली. हाताखालचं एवढं चांगलं काम तिला कधी इतकं नकोसं झालं नव्हतं. एकदा वाटलं, एवढासा कोपरा राहू द्यावा. पण अर्धं सोडायची सवय हाताला नव्हती. तिने तिसऱ्यांदा फवारा मारला, फेस आला नाही, आणि त्या सुनेच्या बाजूने बोलू शकणारी जगातली एकमेव गोष्ट पिशवीत जाऊन पिशवीचं तोंड बंद झालं.

संध्याकाळी सासू आली. या वेळी ती आत आली. चौकटीवरून बोट फिरवलं, बोट बघितलं, बोट स्वच्छ निघालं. पडदे उतरले होते, फक्त हवेचं मशीन कोपऱ्यात घुंऽऽ करत होतं. ती स्वयंपाकघरात गेली, एक हात ओट्यावर टेकून, गुडघे कुरकुरत असताना, वाकून फ्रिजखाली बघितलं.

"चांगलं केलंय," ती उठत म्हणाली. "हिला कधी जमलं नाही."

भिंगरी सामान बांधत होती. बांधलेलं सोडत होती, परत बांधत होती. दीर तिच्याकडे डोळे मोठे करून बघत होता: वहिनी, नियम.

सुनेने बॅग आणून दारात ठेवली. फुगलेली, चेन कशीबशी लागलेली.

"थंडीतले घातलेस?"

"घातलेत."

"शाळेत आता माझाच पत्ता देणार आहे."

"बरं."

"भेटायला यायचं तर आधी विचारून ये. आणि तिला काय सांगायचं ते मी बघीन. आज ना उद्या तिला कळायलाच हवं, बाप मरत असताना आई काय करत होती."

सुनेने नुसती मान हलवली. ओठ घट्ट मिटलेले होते, आणि हनुवटीला बारीक थरथर सुटली होती. भिंगरीने ती थरथर बघितली, आणि तिच्या हातून पट्टीचं रीळ पडलं.

"काकू, लादी तुमच्या मुलाने पुसली."

"ताई!" सून ओरडली.

"ही झोपली होती. त्याने स्वतः पुसली, रक्त गळत असताना. पुसलेल्यावर थेंब होते आणि थेंबांवर परत पुसलेलं होतं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

सासूचा चेहरा दगडासारखा झाला. "हिने पढवलंय तुम्हाला. कुठे आहे? दाखवा मला."

"नाही दाखवता येत. मी पुसून टाकलं."

"वा! बरं जमवलंत!"

"यांनीच पुसायला लावलं. तुम्हाला कळू नये म्हणून."

सासूने सुनेकडे बघितलं. सकाळपासून पहिल्यांदाच, सरळ. सून जमिनीकडे बघत होती.

भिंगरीला आता थांबता येत नव्हतं. उतारावर सोडलेल्या हातगाडीसारखं तिचं झालं होतं. "कडेकडून पुसलं होतं, काकू. मागे मागे सरकत. गार पाण्याने. आणि फ्रिज ओढून मागची लादी पुसली होती, एका हाताने ओढून, आणि परत जागेवर लावला होता."

"फ्रिज," सासू म्हणाली.

"हो."

मशीनची घरघर तेवढी चालू होती. दिराने हळूच जाऊन ते बंद केलं, आणि मग वाटलं, चालू होतं तेच बरं होतं.

"मग तू का म्हणालीस, मी पुसलं म्हणून?" सासूने सुनेला विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

"तुम्ही म्हणालात, आई," सून म्हणाली. "मला वाटलं, पुसलं असेन."

सासू वळली. ती फ्रिजपाशी गेली आणि त्याच्या पत्र्यावर तळहात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग एकदम त्या पत्र्यावर तिने थाप मारली. आतल्या बाटल्या खणाणल्या.

"अरे गाढवा!" ती ओरडली. "लादी काय पळून चालली होती का रे? हाक मारायची ना! हिला मारायची, मला मारायची, शेजारच्याला मारायची! एवढं रक्त जातंय आणि फ्रिज कसला सरकवतोस? कोण बघणार होतं रे फ्रिजखाली? कोण बघणार होतं?"

ती पत्र्याला धरून खाली बसू लागली. सून धावली आणि तिला धरत धरत तीही खाली बसली, दोघी त्या नुकत्या धुतलेल्या लादीवर, फ्रिजला टेकून. दार उघडंच होतं. बॅग उंबऱ्यात आडवी पडली होती. भिंगरी आणि तिचा दीर, दोघांपैकी कुणालाही ती ओलांडून बाहेर पडायचा धीर होईना.

"मीच," सासू सुनेच्या खांद्यात म्हणाली. "मीच बघितलं असतं गं. आत्ता आल्या आल्या बघितलंच की."